आधी त्याला विचारू या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात पाहुण्या समुपदेशक मॅडमनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पंचवीस वर्षं एका आवारात राहणं सोपं नाही. टँकरवरून, पार्किंगवरून, मेंटेनन्सवरून भांडायचं आणि दिवाळीत पुन्हा एकमेकांकडे फराळाचं ताट पाठवायचं, हे तुम्हाला जमलंय. म्हणूनच एक नाजूक विषय तुमच्यासमोर बोलायचं धाडस करते.

मी वयात येणाऱ्या मुलामुलींसोबत काम करते. त्यातल्या बऱ्याच जणांच्या मेंदूची घडण वेगळी असते. कुणाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असते. कुणाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं जड जातं. कुणाला लिहिण्या-वाचण्यातली अध्ययन अक्षमता असते. या सगळ्यांना मिळून हल्ली 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हणतात. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा आहे. आपण परभणीकर, शेतीतलं आपल्याला लवकर कळतं. ज्वारी आणि कापूस एकाच काळ्या मातीत येतात. पण दोघांची निगा वेगळी. कापसाला कुणी 'बिघडलेली ज्वारी' म्हणत नाही. मुलांना मात्र आपण म्हणतो.

मीही म्हणत होते. त्याचीच गोष्ट सांगते. मुलाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मी नवीन होते. पंधरा वर्षांच्या एका मुलाला घेऊन आई-वडील आले. "मॅडम, हा कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नाही. पाहुणे आले की खोलीत जातो. सारखे हात हलवतो. पुढच्या वर्षी दहावी आहे, याला नीट करा." मी लगेच तक्ता केला. डोळ्यांत बघितलं की एक खूण, हात स्थिर ठेवले की दुसरी खूण. तीन महिन्यांत पोरगं शिकलं. आई-वडील खूश, मीही खूश.

मग त्याची झोप गेली. सकाळी शाळेची वेळ झाली की उलटी व्हायला लागली. एके दिवशी त्यानं माझ्यासमोर वही सरकवली. बोलण्यापेक्षा लिहिणं त्याला सोपं जायचं. त्यात लिहिलं होतं, "तुमच्या डोळ्यांत बघत बसलो की तुम्ही काय बोलता ते कळत नाही. बघू की ऐकू, एक सांगा."

मी गप्प झाले. तीन महिन्यांत त्याच्या आईला विचारलं होतं, वडिलांना विचारलं होतं, शाळेत विचारलं होतं. "तुला काय पाहिजे?" हे त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी विचारलं. त्यानं लिहिलं, "स्टेशनवर एकट्यानं जाऊन देवगिरी आणि तपोवन बघायची आहे. हॉर्नची भीती वाटते."

तक्ता फाडला आणि दोघांनी मिळून नवीन बेत केला. कानात बोळे घालायचे. प्लॅटफॉर्मच्या शांत टोकाला उभं राहायचं. आधी वडील शेजारी, मग बाकावर लांब, मग गेटबाहेर. कोणती पायरी कधी चढायची हे तो ठरवणार, सुरक्षेचे नियम मात्र वडील ठरवणार. काही आठवडे लागले. पण तो एकटा जाऊन आला. त्यानंतर शाळेत नेमकं काय होतं, ते त्यानं आपणहून सांगितलं. डोक्यावरचा खडखडणारा पंखा आणि मधल्या सुट्टीतला गोंगाट! बाक बदलला, सुट्टीत ग्रंथालयात बसायची मुभा मिळाली. उलट्या थांबल्या. माझ्या डोळ्यांत तो अजूनही बघत नाही. काही बिघडलेलं नाही.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. पहिल्या भेटीत मी मुलाला विचारते की इथं तू स्वतःहून आलास की आणलं? कशावर काम करायचं? आई-बाबांना काय सांगू, काय नको? जीवाला धोका असेल तर मात्र सांगावंच लागेल, हेही आधीच सांगते. हात हलवणं, येरझाऱ्या घालणं, एकच गोष्ट परत परत बोलणं यातून बऱ्याच मुलांचं मन शांत होतं. कुणाला इजा होत नसेल तर ते मोडायचं कशाला?

मग काहीही चालवून घ्यायचं का? नाही. बहिणीला मारलं तर ते चूकच. पण डोकं तापलेलं असताना भाषण देऊन उपयोग नसतो. तो शांत झाल्यावर सोबत बसायचं, आधी काय घडलं ते बघायचं, पुढच्या वेळी काय करायचं ते त्याच्याकडूनच काढून घ्यायचं. औषधाला माझा विरोध नाही. एडीएचडीत कित्येकांना औषधानं फायदा होतो; ते मानसोपचारतज्ज्ञांनीच ठरवावं.

हक्काचंही सांगते. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ आहेत. त्यात ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आले. योग्य प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अर्ज शाळेमार्फत करायचा असतो, तेव्हा दहावीच्या जानेवारीपर्यंत थांबू नका. मन फारच घाबरलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आता तुमचं काम. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश अभ्यासक स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही, हे अर्धंच खरं. इतरांनाही त्याचं कळत नाही. म्हणजे शिकायचं दोन्ही बाजूंनी. माझ्याकडे मूल आठवड्यातून एक तास असतं. उरलेला वेळ ते तुमच्या जिन्यात, लिफ्टमध्ये, गच्चीवर असतं. लिफ्टमध्ये त्याच्या देखत "याला काय झालंय?" असं आईला विचारू नका. ते चिडून रडत-ओरडत असेल तर मोबाइल काढू नका, गर्दी हटवा. गणपतीत ढोल कधी वाजणार हे ग्रुपवर आदल्या दिवशी टाका. त्याला जमेल असं कामही द्या. उपकार म्हणून नाही, सभासदाच्या घरातलं माणूस म्हणून.

शेवटचं बोलते. आत्ता या लाउडस्पीकरच्या आवाजानं तुमच्याच एखाद्या फ्लॅटमध्ये कुणीतरी दार लावून, कानावर उशी धरून बसलं असेल. खाली आला नाही म्हणून त्याला शिष्ट म्हणू नका, त्याच्या आईला दोष देऊ नका. जेवणाचं ताट वर पाठवा. आणि उद्या निवांत विचारा, "पुढच्या वर्षी आम्ही काय बदललं तर तुला यावंसं वाटेल?"

उत्तर यायला वेळ लागेल. थांबा.