स्पर्धा गुणांची, जामीन एकमेकींचा



उद्योजक स्त्रियांच्या या परिषदेसाठी कुरुळीची निवड झाली, ही गोष्ट मला विशेष औचित्याची वाटते. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, पिंपरी-भोसरीच्या माळावर कारखानदारी फोफावली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तिने इंद्रायणी ओलांडून चाकणच्या कसब्यापर्यंत मजल मारली. त्या वाटचालीत खेड तालुक्यातील हे गाव नाशिक रस्त्याच्या काठी उभे राहून आपल्या शिवाराचे रूपांतर पाहत आले आहे. मोठ्या कारखान्याच्या फाटकाबाहेर शंभर लहान उद्योग जगतात. सुटे भाग, खोकी, गणवेश, हातमोजे, कामगारांचे डबे यांवाचून त्या फाटकाच्या आत एक पाळीही सुरळीत चालत नाही. आणि या लहान उद्योगांपैकी कितीतरी आज स्त्रियांच्या मालकीचे आहेत. म्हणूनच स्त्रियांनी परस्परांशी स्पर्धा करावी की सहकार्य, हा प्रश्न येथे चर्चेपुरता उरलेला नाही. तो दररोजच्या दरपत्रकात आपल्यासमोर उभा राहतो.

या प्रश्नाचा विचार करताना प्रथम एका जुन्या लोकसमजाचे निराकरण केले पाहिजे. दोन बायकांनी एकाच कामासाठी भाव भरले आणि एकीने दुसरीपेक्षा दर पाडला, की 'बाईच बाईची वैरी' हे वाक्य तत्काळ उच्चारले जाते. भोसरीच्या गाळ्यांतून पुरुष कारखानदार गेली कित्येक दशके एकमेकांचे दर तोडत आले आहेत. परंतु त्यावरून पुरुष हा पुरुषाचा वैरी आहे, असा सिद्धान्त कोणी मांडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यांच्या चढाओढीला व्यवहार म्हणावयाचे आणि आमच्या चढाओढीला मत्सर, हा न्याय आपण स्वीकारण्याचे कारण नाही. स्पर्धा करणे हा आपला अधिकार आहे. ती कोणत्या गोष्टीत करावयाची, एवढाच विचारणीय मुद्दा आहे.

माझ्या मते आपल्यातील दरांच्या घातक चढाओढीचे मूळ स्वभावात नसून हिशेबात आहे. वायरिंग हार्नेसचे, म्हणजे मोटारींच्या तारांच्या जोडण्यांचे, जॉबवर्क घेणाऱ्या एखाद्या गाळ्याचे उदाहरण घ्या. तेथे तार मापाने कापली जाते, तिची टोके सोलली जातात, त्यांवर टर्मिनल दाबून बसवले जाते, बोर्डावरील खिळ्यांच्या वाटेने तारा मांडून त्यांवर टेप गुंडाळली जाते, आणि अखेरीस दिवा लागतो की नाही हे पाहून प्रत्येक जोडणी तपासली जाते. मालकीणबाई दरपत्रक तयार करतात तेव्हा गाळ्याचे भाडे, विजेचे बिल, मुलींची मजुरी आणि टेम्पोचे भाडे काटेकोरपणे मांडतात. परंतु सर्व मुली घरी गेल्यानंतर परत आलेला माल पुन्हा उकलून दुरुस्त करीत त्या स्वतः रात्री ज्या बसतात, त्या तासांची नोंद जमाखर्चाच्या कोणत्याही रकान्यात नसते. डबे पुरवणारी भगिनी तेल, डाळ आणि गॅस यांचा हिशेब पैशापर्यंत ठेवते, आणि पहाटे उठून मळलेल्या कणकेमागील स्वतःचे श्रम मात्र घरकामाच्या खाती जमा करून मोकळी होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या श्रमांचे मोल कोणी दिले नाही, त्यांचे मोल स्वतःदेखील धरू नये, अशी सवय आपल्याला लागून गेली आहे. आणि त्या सवयीतून निघालेला दर हा कार्यक्षमतेचा दर नसतो, तो स्वतःच्या आयुष्यातून दिलेला अनुदानाचा हप्ता असतो. अशा दराने शेजारणीचे काम घेणारी स्त्री जिंकत नाही. ती दोघींनाही खाली ओढते, आणि कारखान्याच्या खरेदीखात्याला मात्र तोच दर पुढील वर्षीचा आरंभबिंदू म्हणून मिळतो.

याउलट स्पर्धा कायम ठेवून सहकार्य कसे साधता येते, याचे धडे आपल्या महाराष्ट्रातच गिरवले गेले आहेत. मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायका गिरणी कामगारांना जेवू घालीत, वाण्याकडून उधारीने शिधा उचलीत आणि सावकारी व्याजाखाली दबून जात. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. तारण ठेवण्यासाठी त्यांच्यापाशी घर नव्हते, दागिना नव्हता. तेव्हा गटातील बायका परस्परांच्या जामीन राहिल्या, आणि त्या भरवशावर राष्ट्रीयीकृत बँकेने त्यांना कर्ज मंजूर केले. भगिनींनो, या घटनेचा अर्थ नीट लक्षात घ्या. एकाच वस्तीत, एकाच गिरणीच्या कामगारांसाठी चूल पेटवणाऱ्या या बायका व्यवसायाने परस्परांच्या प्रतिस्पर्धी होत्या. कोणाच्या आमटीला चव अधिक, कोणाकडे जेवणारे अधिक, ही चढाओढ जामीनकीच्या कागदावर अंगठा उमटवल्यामुळे संपली नसणार, आणि संपण्याचे कारणही नव्हते. प्रतिस्पर्धीच एकमेकींच्या जामीन होऊ शकतात, हे त्यांनी सिद्ध केले.

त्याच्याही आधी, मुंबईच्याच गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात गुजराती भगिनींनी उसन्या घेतलेल्या 80 रुपयांच्या भांडवलावर गच्चीवर पापड लाटावयास प्रारंभ केला. त्या लिज्जतच्या संस्थेत प्रत्येक बहीण सहमालक मानली जाते. लाटण्याचे मोल जिच्या तिच्या हाताच्या कामाप्रमाणे मिळते, परंतु पिठाचे प्रमाण, पापडाचा दर्जा आणि वेष्टनावरील नाव सर्वांचे एकच असते. देणगी स्वीकारावयाची नाही, हा दंडकही त्यांनी आरंभापासून पाळला. आपल्या पिंपरीत टेल्को या मोटार कारखान्यातील कामगारांच्या घरांतील स्त्रियांसाठी 1973 साली गृहिणी सोशल वेलफेअर सोसायटी उभी राहिली. लोणची-पापडांपासून मोटारींच्या तारांच्या जोडण्यांपर्यंत तिच्या स्त्रियांचा हात पोहोचला. माणदेशात म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांची सहकारी बँक निघाली, तेव्हा प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत या कारणास्तव रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला. त्या स्त्रिया अक्षरे शिकून पुन्हा अधिकाऱ्यांसमोर रुजू झाल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याचे आव्हान त्यांनी दिले, आणि 1997 साली बँक सुरू झाली. एकटीच्या अर्जाला जो नकार मिळतो, तो अनेकींच्या चिकाटीपुढे टिकत नाही.

आता सहकार्याची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपण सर्वजणींनी एकत्र बसून दर ठरवावेत आणि त्याखाली कोणी उतरू नये, असे मी सुचवीत नाही. 2002 चा स्पर्धा अधिनियम अशा संगनमताला मज्जाव करतो, आणि तो योग्यच आहे. कारण ग्राहकाला वेठीस धरून मिळवलेला नफा हा उद्योगाचा पाया होऊ शकत नाही. दर जिचा तिने भरावा आणि तो गुप्तच राहावा. परंतु दर कसा काढावयाचा, त्यात स्वतःचे वेतन, यंत्राची झीज आणि उशिरा मिळणाऱ्या पैशावरील व्याज कसे धरावयाचे, ही विद्या एकमेकींना शिकवण्यास कोणत्याही कायद्याची हरकत नाही, आणि सहकार्याचे पहिले क्षेत्र हेच.

दुसरे क्षेत्र वसुलीचे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि मुदत टळल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. याच अधिनियमाखालील सुविधा परिषदेकडे दाद मागण्याची सोयही आहे. तथापि एकटी उद्योजिका तगादा लावण्यासही कचरते, कारण पुढील काम हातचे जाईल ही धास्ती तिला असते. हीच गोष्ट संघटनेने आपल्या लेटरहेडवर मांडली, तर कोणा एकीवर रोख राहत नाही. तिसरे क्षेत्र मोठ्या मागणीचे. केंद्र सरकारच्या खात्यांनी व सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी 3 टक्के खरेदी स्त्रियांच्या मालकीच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे धोरण 2018 पासून आहे; परंतु हजारो नगांची मागणी एका गाळ्याच्या आवाक्यातली नसते. चार गाळ्यांनी एकच नमुना, एकच तपासणी आणि एकच जबाबदारी स्वीकारली, तर ती पेलता येते.

यावर कोणी म्हणेल की सहकार्याने ढिलाई येते आणि आपली गिऱ्हाइके शेजारणीला दिसतात. हा आक्षेप अगदीच निराधार नाही; म्हणून सहकार्य विश्वासावर सोडून न देता लेखी असावे, दर्जात कसूर करणारीला त्यातून वगळण्याचा नियम असावा आणि गिऱ्हाइकाची मालकी जिची तिचीच राहावी. आपल्या शेतकऱ्यांनी सावडीची रीत चालवली ती याच समजुतीवर. एकाचा बैल दुसऱ्याच्या औताला जुंपला जाई, पण बांध जागचा हलत नसे, आणि कोणाचे पीक सरस येते याची ईर्ष्याही कमी होत नसे. भिशीच्या रूपाने पैशाची सावड तर आपण स्त्रिया आजही करतोच. ती आता यंत्र, तपासणी आणि हिशेब यांपर्यंत नेली पाहिजे. एकीचे यंत्र बंद पडले तर दुसरीने रात्रपाळीत तिचा माल काढून द्यावा, आणि उद्या त्याच दोघींनी नव्या कामासाठी निर्भयपणे एकमेकींविरुद्ध दरपत्रक भरावे, यात मला यत्किंचितही विसंगती दिसत नाही.

भगिनींनो, या परिषदेतून ठराव पुष्कळ होतील. परंतु माझी आपणांस एकच आग्रहाची विनंती आहे. येथून परत गेल्यावर पहिले जे दरपत्रक आपण तयार कराल, त्यात स्वतःच्या वेतनाची ओळ अवश्य लिहा, आणि ती कशी लिहावी हे आपल्या शेजारच्या गाळ्यातील भगिनीला, ती आपली प्रतिस्पर्धी असली तरी, बसून शिकवा. त्यामुळे आपल्या हातचे एखादे काम जाईल. पण जे राहील ते घरच्या माणसांच्या झोपेवर आणि कामगार मुलींच्या मजुरीवर उभे राहिलेले नसेल. तशी स्पर्धा करणाऱ्या स्त्रियांना परस्परांचे भय बाळगण्याचे कारण उरत नाही, आणि कोणत्याही कारखान्याच्या फाटकाशी त्यांना मान तुकवून उभे राहावे लागत नाही.