दत्तू झांकीला का गेला?

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात केलेले भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



कार्यवाहांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "कादंबरी लिहितोय, तिच्याबद्दल बोलेन." ते म्हणाले, "छापून आली का?" म्हटलं, "नाही, अजून पूर्ण व्हायची आहे." क्षणभर पलीकडून आवाजच नाही. मग म्हणाले, "बरं, वीस मिनिटं बोला. नंतर अंताक्षरी आहे." तेव्हा मी वेळ पाळणार आहे, काळजी नसावी.

मी साहित्यिक नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य शासनात उपयंत्री म्हणून लागलो, त्याला बावीस वर्षं झाली. दिवसभर रस्ते, पुलिया, एस्टिमेट आणि मेजरमेंट बुक. रात्री जेवणं आटोपल्यावर तासभर लिहितो. सहा वर्षांत चौदा प्रकरणं झाली आहेत. त्यातल्या नवव्या प्रकरणात मी आठ महिने अडकलो होतो. आज त्याच आठ महिन्यांची गोष्ट सांगायची आहे.

कादंबरी आपल्या इंदूरचीच आहे. तिचा नायक दत्तू, एका कापड मिलमधला वायरमन. मिलला मी नाव दिलेलं नाही. १९९२ साली ती बंद पडते. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या झांक्यांबद्दल तुम्हाला मी काय सांगावं! हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण ही नावं घेतली की इथल्या निम्म्या लोकांना जेल रोडवर वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेले दिवे आठवतील. मिल एकेक करून बंद पडल्या, पण झांक्या थांबल्या नाहीत. कामगारांनी वर्गणी काढली, महापालिकेनं आणि विकास प्राधिकरणानं हातभार लावला, आणि ज्या मिलमध्ये धागाही निघत नाही तिची झांकी रात्रभर शहरातून फिरत राहिली.

तर नवव्या प्रकरणात साल आहे १९९५. मिल बंद होऊन तीन वर्षं झाली आहेत. दत्तू एका इलेक्ट्रिकच्या दुकानात पंखे दुरुस्त करतो. मुलीच्या लग्नासाठी बायकोनं तांदळाच्या डब्यात दोन हजार रुपये जपून ठेवले आहेत. त्यातले आठशे तो उचलतो आणि मिलच्या झांकीसाठी बल्बच्या माळा आणि एक मोटर आणतो. वर पंधरा रात्री फुकट काम करतो. बायको चार दिवस त्याच्याशी बोलत नाही.

प्रसंग मला आधीपासून दिसत होता. अडचण एवढीच होती की दत्तू हे का करतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आधी मी लिहिलं, गणपतीवरची भक्ती. दुसऱ्या दिवशी मागची प्रकरणं वाचली तर दत्तूनं आठ प्रकरणांत एकदाही देवाला हात जोडलेले नव्हते. ते खोडलं. मग लिहिलं, मिलवरचं प्रेम. पण याच मिलमध्ये त्याचं एक बोट गेलेलं आहे आणि पाळी संपल्यावर तो मिलला शिव्या देतच घरी येतो, हे मीच लिहून बसलो होतो. मग लिहिलं, स्वाभिमान. हा शब्द इतका चांगला आहे की कुठेही बसतो, आणि कुठेही बसतो म्हणूनच काही सांगत नाही.

आमच्याकडे बदलीच्या ऑर्डरवर लिहिलेलं असतं, "प्रशासकीय आधारावर". इथे बसलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांना हसू आलं ते उगीच नाही. त्या दोन शब्दांमागे काहीही असू शकतं. माणूस खरगोनला का गेला, हे ऑर्डर वाचून कधीच कळत नाही. दत्तूच्या बाबतीत मीही तेच करत होतो. भक्ती, प्रेम, स्वाभिमान ही सगळी प्रशासकीय कारणं. ऑर्डर निघाली, माणूस कळला नाही.

एक सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण देतो. कर्णानं कवचकुंडलं का दिली? आपण लगेच म्हणतो, तो दानशूर होता. पण हे झालं त्याचं वर्णन, हे काही कारण नव्हे. महाभारताच्या वनपर्वात सूर्य त्याला आधीच सावध करतो की इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येईल, देऊ नकोस. कर्ण काय म्हणतो? मला जिवापेक्षा कीर्ती मोठी आहे. आता विचार करा, ज्याला जन्मभर सूतपुत्र म्हणून हिणवलं, ज्याला सांगायला कूळ नाही, त्याच्याकडे स्वतःचं असं काय होतं? "कर्णाच्या दारातून याचक परत जात नाही" एवढं एक वाक्य. ते मोडलं असतं तर कवच अंगावर राहिलं असतं, पण आतला माणूस कोण राहिला असता? आणि तो अगदी भोळाही नाही. सूर्याच्या सल्ल्याप्रमाणे बदल्यात इंद्राकडून शक्ती मागून घेतो. हे सगळं धरलं की कर्ण कळतो. नुसतं दानशूर म्हटलं की तो कॅलेंडरवरचं चित्र होतो.

हे मला पाठ होतं, तरी दत्तू काही केल्या कळत नव्हता. शेवटी वाट दाखवली ती आईनं.

आईला आता वाचायला त्रास होतो, म्हणून संध्याकाळी कधी कधी मी तिला लिहिलेलं वाचून दाखवतो. नववं प्रकरण ऐकून ती म्हणाली, "तुझा दत्तू फारच चांगला आहे रे. असं कुणी नसतं." मी जरा खट्टू झालो. म्हटलं, "मग कसं असतं?" ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तो नसता गेला, तर त्या रात्री घरी बसून त्यानं काय केलं असतं?"

मी त्या रात्री तेच लिहून पाहिलं. दत्तू झांकीला जात नाही, असा प्रसंग. कादंबरीत ठेवायचा नव्हता, फक्त बघायचं होतं. दत्तू घरात बसला आहे. लांबून ढोल-ताशे ऐकू येताहेत. अख्खी चाळ रस्त्यावर गेली आहे. बायको काही बोलत नाही. तेवढ्यात त्याचा मेहुणा येतो. हा मेहुणा मी पहिल्या प्रकरणात एक चहा प्यायला आणला होता आणि नंतर विसरून गेलो होतो. तो पिथमपूरला कारखान्यात आहे. तो खुर्चीवर बसतो आणि सहज म्हणतो, "चला, यंदा झांकीसुद्धा नाही म्हणजे मिल संपलीच म्हणायची. भावजी, तेव्हा माझ्याबरोबर आला असतात तर आज पर्मनंट झाला असतात."

माझा पेन तिथे थांबला. १९९२ साली मेहुण्यानं दत्तूला नोकरी देऊ केली होती, हे मलाच तेव्हा कळलं. दत्तूनं ती नाकारली होती. "मिल सुरू होणार आहे" असं म्हणून नाकारली होती. नुसती स्वतः नाकारली नव्हती, आपल्या खात्यातल्या दोघांना हात धरून थांबवलं होतं.

आता सगळं जागेवर बसलं. जोवर दरवर्षी मिलच्या नावानं झांकी निघते, तोवर मिल पूर्ण बंद झालेली नाही. आणि जोवर मिल पूर्ण बंद नाही, तोवर दत्तूचा तो निर्णय चुकलेला नाही. आठशे रुपये त्यानं झांकीला दिले नाहीत. बायकोला, त्या दोघांना आणि स्वतःला "माझं चुकलं" असं सांगावं लागू नये म्हणून त्यानं ते भरले.

मी जे शिकलो ते एवढंच. पात्र अमुक गोष्ट का करतं, असं विचारलं की उत्तरात एखादा गुण येतो. त्यानं ती केली नाही तर त्याला काय कबूल करावं लागेल, असं विचारलं की माणूस दिसू लागतो.

यातून कामही वाढलं. चौथ्या प्रकरणात जाऊन नोकरी नाकारल्याचा प्रसंग लिहावा लागला. थांबवलेल्या दोघांपैकी एक जण आता भाजीची गाडी लावतो आणि दत्तू त्याच्या गल्लीतून जायचं टाळतो, हे आलं. तीन प्रकरणं नव्यानं लिहिली. एक गोष्ट मात्र कमी झाली. आधी दत्तू बायकोला दीड पान भाषण देत असे, झांकी म्हणजे आपली शान वगैरे. आता तो चप्पल घालतो आणि म्हणतो, "मोटर अडकतेय, बघून येतो." कारण दत्तूला स्वतःला हे कारण माहीत नाही. माहीत असतं तर तो गेलाच नसता.

आमच्या कामात एक नियम आहे. जे काम पुढे झाकलं जाणार, ते झाकण्याआधी मोजायचं. काँक्रीट ओतल्यावर आतली सळई किती, हे कुणी सांगू शकत नाही. लिहिताना मला हा नियम फार उपयोगी पडला. कारण लेखकानं मोजून घ्यायचं, आणि मग त्यावर काँक्रीट ओतायचं. वाचकाला सळई दिसायला नको, पण स्लॅब उभा राहायला हवा.

आणि मोजायचं ते त्या दिवशीच्या तारखेला. आज आपण म्हणू, दत्तू वेडाच होता. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिथल्या कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये सुटले, हे आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलं. मध्ये बत्तीस वर्षं गेली, कित्येक जण वाट पाहतच गेले. पण १९९५ च्या कामगाराला २०२३ माहीत नव्हतं. त्याच्यासाठी मिल पुढच्या महिन्यात सुरू होणार होती. आपल्याला माहीत असलेला शेवट पात्राच्या खिशात घालून त्याला मूर्ख ठरवणं, हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता शेवटचं, आणि हे सांगावं की नाही याचा मी बराच विचार केला.

माझे वडील मिलमध्ये होते. १९९५ साली मी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला होतो. फीच्या दुसऱ्या हप्त्यासाठी आईनं बाजूला ठेवलेल्या पैशांतले साडेचारशे रुपये बाबांनी झांकीला दिले. आईनं शेजारच्या मावशींकडून उसने आणून फी भरली. माझं शिक्षण अडलं नाही, पण माझं मन अडलं. मी बाबांशी कामापुरतंच बोलू लागलो, आणि खरं सांगायचं तर ते जाईपर्यंत तसंच बोलत राहिलो. नातेवाइकांत कुणी विषय काढला की मी म्हणायचो, "बाबांना घरापेक्षा मिल प्यारी होती." एका वाक्यात निकाल. प्रशासकीय आधारावर.

तो प्रसंग लिहून झाल्यावर मी आईला विचारलं, "बाबांना तेव्हा दुसरीकडे कुठे नोकरी आली होती का गं?" ती म्हणाली, "तुझ्या मामानं विचारलं होतं. हे नाही म्हणाले." मी म्हटलं, "का?" ती म्हणाली, "मी विचारलं नाही. तू तरी कुठे विचारलंस?"

बाबांच्या मनात दत्तूचंच कारण होतं, असं मी म्हणणार नाही. दत्तू माझा आहे, त्याचं कारण मी ठरवू शकतो. बाबांचं ठरवायचा मला हक्क नाही, आणि विचारायची वेळ निघून गेली. पण तीस वर्षं जे वाक्य मी बोलत होतो, ते आता माझ्या तोंडून निघत नाही. कादंबरी छापून येवो न येवो, माझं एवढं काम तिनं केलं आहे.

आपल्या मंडळात एकांकिका लिहिणारे आहेत, घराण्याचा इतिहास लिहायला घेतलेले दोन काका आहेत. त्यांना विनंती एवढीच की पणजोबांनी वाटणीत घर का सोडलं, आजीनं माहेर का तोडलं, याचं उत्तर एका शब्दात लिहू नका. आणि ज्यांची माणसं अजून घरात आहेत, त्यांनी आज घरी जाऊन विचारून घ्या.

परवा अनंत चतुर्दशी आहे. झांकी बघायला जाल तेव्हा हलणारे देखावे बघाच. पण ट्रॉलीच्या मागून हातात टेस्ट लॅम्प आणि खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन एखादा म्हातारा चालत असेल, त्याच्याकडेही बघा. माळ विझली की तोच धावतो.

वीस मिनिटं झाली. अंताक्षरीवाले घड्याळ बघताहेत. गणपती बाप्पा मोरया!