कर्वे रस्त्यावरच्या आपल्या बायका

(ईट, ता. भूम येथे बचत गटांच्या बायकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

मला 'शहरातील स्त्रियांचे प्रश्न' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून मी एकाच रस्त्याबद्दल बोलणार आहे. पुण्यातला कर्वे रस्ता. मघाशी मी विचारलं, की कुणाकुणाची लेक, जाऊ, भावजय पुण्यात घरकाम करते? हात वर आले. मग विचारलं, कुठे करते? तर उत्तर आलं, 'कोथरूडला', 'नळ स्टॉपला', 'त्या पुतळ्यापाशी'. म्हणजे रस्ता तुमच्या ओळखीचाच आहे.

हा रस्ता डेक्कनच्या बाजूला, खंडूजीबाबा चौकापासून सुरू होतो. गरवारे कॉलेज, एसएनडीटी, नळ स्टॉप, पौड फाटा, मृत्युंजयेश्वराचं देऊळ, कर्वे पुतळा. २०२२ पासून त्याच्या एका भागावरून मेट्रोही धावते. दोन्ही बाजूंना एरंडवणे, कोथरूड, कर्वेनगर. शिकलेल्या, पगारदार, नाटक-गाण्याला जाणाऱ्या लोकांची वस्ती. रस्त्याला नाव आहे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो शहराबाहेर हिंगण्याला गेला. तेव्हा तिकडे धड रस्ता नव्हता. फर्ग्युसन कॉलेजात शिकवून अण्णा चिखलातून पायी हिंगण्याला जात. आज त्याच दिशेला जाताना सिग्नलला दहा मिनिटं थांबावं लागतं, इतकाच फरक.

पण मला आज त्या आश्रमातल्या एका बाईची आठवण करून द्यायची आहे. पार्वतीबाई आठवले. कर्व्यांच्या पत्नीची बहीण, तरुणपणी विधवा झालेली. आश्रमासाठी गावोगाव फिरून तिने वर्गणी गोळा केली. पुढे उतारवयाकडे झुकल्यावर इंग्रजी शिकायचं म्हणून एकटी अमेरिकेला गेली. तिथे पोटासाठी काय केलं? लोकांच्या घरी घरकाम. परत येऊन 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात तिने ते लिहूनही ठेवलं. तेव्हा कर्व्यांच्या नावाच्या रस्त्यावर भांडी घासणाऱ्या बाईला कुणी कमी लेखलं, तर तिने खुशाल सांगावं, की कर्व्यांच्या मेहुणीनेही हेच काम केलं होतं.

आता आपल्या बायका तिथे पोचल्या कशा? बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर भागातून माणसं पुण्याकडे गेली, आणि नंतर प्रत्येक कोरड्या वर्षी जातच राहिली. पुरुष बिगारीला लागले. राहायला जागा मिळाली ती टेकडीच्या उतारावर. केळेवाडी, हनुमाननगर, किष्किंधानगर, जयभवानीनगर, सुतारदरा ही नावं तुम्ही फोनवर ऐकत असाल. कर्वे रस्ता आणि पौड रस्ता यांच्या आजूबाजूच्याच या वस्त्या. बिगारीचं काम कधी असतं, कधी नसतं. दारूचं दुकान मात्र रोज उघडं. मग घर चालतं ते बाईच्या 'कामां'वर. तिकडे 'किती घरं' असं विचारत नाहीत, 'किती कामं' असं विचारतात. धुणं एक काम, भांडी एक, केर-फरशी एक, पोळ्या एक. प्रत्येकाचा दर वेगळा आणि सगळा तोंडी.

या तोंडी व्यवहारात एक गंमत आहे, कडू गंमत. पगार वाढवून मागायचा तो वहिनींकडे. खाडा झाला की बोलणार त्या वहिनीच. साहेब पेपर वाचत बसलेले असतात. घरकाम हे बाईचंच, म्हणून ते दुसऱ्या बाईकडून करून घेणं, तिच्याशी घासाघीस करणं हेही बाईचंच! पुष्कळ वहिनी आपल्या पगारातून हे पैसे देतात. जणू साहेब भांड्यात जेवतच नाहीत! त्या वहिनीला नोकरी करता येते ती आपल्या बाईमुळे, हे ती मनात मानते, पण महिना संपला की हिशोब ताणते. मी वहिनींना शत्रू म्हणत नाही. दोन बायकांच्या भांडणात ज्याचं काम फुकट होतं तो बाजूला राहतो, एवढंच दाखवते.

आता गेटची गोष्ट. मोठ्या सोसायट्यांत आज वॉचमनच्या हातात मोबाईल असतो. बाई आत गेली की नोंद, बाहेर आली की नोंद. तिचा फोटो, तिचा नंबर, ती कोणकोणत्या फ्लॅटमध्ये जाते, आज किती वाजता आली, सगळं त्यात. काही ठिकाणी तिला गुणही देतात, शाळेतल्या पोरीसारखे. काही ठिकाणी बाहेर पडताना पिशवी तपासतात. म्हणजे ही बाई इथे काम करते, याचा पुरावा मिनिटासकट तयार आहे.

आणि हीच बाई जेव्हा म्हणते, 'वहिनी, मी तुमच्याकडे काम करते एवढं एका कागदावर लिहून द्या', तेव्हा काय होतं? आमच्या वस्तीतली एक बाई, एका घरात नऊ वर्षं पोळ्या करत होती. तिला उत्तर मिळालं, 'तू तर आमच्या घरातलीच. तुला कागद कशाला?' घरातलीच असलेल्या बाईचा चहाचा कप मात्र खिडकीत वेगळा ठेवलेला होता.

कागद कशाला, ते सांगते. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. संघटनांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले तेव्हा झाला. १८ ते ६० वयाच्या बाईने नोंद करायची, मग योजनांचा लाभ. त्या नोंदणीच्या अर्जाला काम देणाऱ्या घराचा दाखला मागत. इथेच बायका अडल्या. त्यात मंडळही काही वर्षं नावालाच उरलं होतं. मग आला २०२० चा लॉकडाऊन. सोसायट्यांनी दारं बंद केली. काही घरांनी पगार दिला, पुष्कळांनी दिला नाही. २०२१ मध्ये सरकारने घरकामगारांना पंधराशे रुपये जाहीर केले, पण नोंदणीकृत बायकांना. गेटच्या मोबाईलमध्ये रोज नोंद होणाऱ्या कितीतरी बायका सरकारच्या वहीत नव्हत्याच. रक्कम मोठी नव्हती. पण बाईच्या लक्षात आलं, की आपण या शहरात कामाला आहोत हे कुठेच लिहिलेलं नाही.

लढल्याशिवाय ते लिहिलंही जात नाही. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. आधी कुणी पुढारी नव्हता, तो आतूनच उसळला. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. दुसरं उदाहरण कचरा वेचणाऱ्या बायकांचं. याच कर्वे रस्त्यावरच्या एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्या त्यांच्यात काम करत होत्या. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. ज्यांना लोक चोर समजून हाकलत, त्या बायकांनी महापालिकेची मान्यता असलेलं ओळखपत्र मिळवलं, आणि २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. त्याच सोसायट्यांचा कचरा. ओळखपत्र गळ्यात आलं, की वॉचमनची भाषा बदलते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

छळाबद्दल थोडक्यात बोलते, कारण इथे सासवाही बसल्या आहेत आणि पोरीही. कामाच्या घरात कुणी हात लावला, घाणेरडं बोललं, तर २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची. तक्रारीत तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची आहे. पोरीने फोनवर रडत सांगितलं, तर 'गप ऱ्हा, काम जाईल' म्हणायच्या आधी ही समिती आठवा. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं, की घरकामगारांसाठी वेगळा कायदा करता येईल का, हे पाहायला समिती नेमा. म्हणजे देशाचा कायदा व्हायला वेळ आहे. तोवर हातात आहे ते वापरायचं.

आणि इथे तुमचं काम येतं. तुम्ही म्हणाल, रस्ता पुण्यात, आम्ही ईटमध्ये खव्याच्या भट्टीपुढे धूर खातोय, आम्ही काय करणार? पण आपल्या बायका पुण्याला जातात त्या जाहिरात वाचून नाही. मावशी गेली म्हणून भाची जाते. ती वाट इथून सुरू होते, तर तयारीही इथेच व्हावी. जाणाऱ्या पोरीच्या पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स, तिच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक आणि एक वही असू द्या. कोणत्या घरी कोणतं काम, कधी धरलं, दर काय ठरला, पैसे कधी मिळाले, खाडा कधी झाला. पगार शक्यतो खात्यावर घ्यायला सांगा. मालकिणीने दाखला दिला नाही, तरी खात्यावरची नोंद कुणाला पुसता येत नाही. पगार नवऱ्याच्या खात्यावर नको, हे मी वेगळं सांगत नाही, तुम्ही हसलात म्हणजे समजलं. आणि रेशन. गावच्या कार्डावर पुण्यातल्या दुकानात धान्य मिळतं, आता तशी सोय आहे. दुकानदार नाही म्हणाला तर परत फिरू नये, चौघींनी मिळून जावं.

आता चहा येईल. तोवर प्रत्येक गटाच्या वहीचं शेवटचं पान उघडा आणि आपल्या गल्लीतून पुण्याला घरकामाला गेलेल्या बायकांची यादी करा. नाव, वस्ती, फोन, केव्हा गेली. मी ती इथून घेऊन जाणार आहे, आणि वस्तीत एकेकीला गाठून तिच्या नोंदणीचं पाहणार आहे. नाव माहेरचं लिहू की सासरचं, असं कुणीतरी विचारतंय. दोन्ही लिहा. वस्तीत तिला कोणत्या नावाने हाक मारतात, तेही माहीत असेल तर लिहा.