पाण्यातली माणसं



माजरीजवळून वर्धा नदी वाहते. नदीच्या डोहात साती आसरा राहतात, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगत आली. आसरा म्हणजे अप्सरा. पाण्यातल्या सात बहिणी. काठावर सात दगड मांडायचे, शेंदूर लावायचा, हळदकुंकू वाहायचं. “एकटा डोहाकडे जाऊ नको, आसरा ओढतील,” ही ताकीद खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली.

आताची मुलंमुली जलपरीच्या कथा वाचतात. अर्धी माणूस, अर्धी मासोळी अशी पोर; तिचं जमिनीवरच्या मुलावर मन जडतं. वडीलधाऱ्यांना हे रिकामपणाचं वाचन वाटतं. पण पंधरासोळाचं वय म्हणजे ना पोर, ना थोर. ते वय स्वतःच अर्धं पाण्यात, अर्धं काठावर असतं. म्हणून ही कथा त्या वयाला आपली वाटते.

या कथांची आजी म्हणावी अशी एक गोष्ट डेन्मार्कच्या हान्स अँडरसनने १८३७ साली प्रसिद्ध केली. त्यातली छोटी जलपरी राजपुत्रासाठी पाय मागते आणि बदल्यात समुद्रातल्या चेटकिणीला आपली जीभ देते. पाय मिळतात, पण पाऊल टाकलं की सुरीवर पडल्यासारखं वाटतं. आपणच त्याला बुडताना वाचवलं, हे तिला सांगता येत नाही. राजपुत्र दुसरीशी लग्न करतो.

आता आपल्या महाभारताकडे वळू. मत्स्यगंधा मासोळीच्या पोटी जन्मली. जुळ्यांतला मुलगा राजाने ठेवला, मुलगी कोळ्याला दिली. तीच पुढे नाव वल्हवणारी सत्यवती, हस्तिनापूरची राणी. दुसरी उलूपी, नागकन्या. तिने अर्जुनाला गंगेच्या पाण्याखाली नेलं आणि आपलं मन स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तिने वाचा गहाण टाकली नाही. भद्रावतीच्या भद्रनागाला हात जोडणाऱ्या आपल्या मुलुखाला नागांची कथा परकी वाटू नये.

उलूपीचा मुलगा इरावान. अर्धा नाग, अर्धा माणूस. अर्जुनाच्या द्वेषापोटी चुलत्याने त्याला टाकलं, आईने वाढवलं. मोठा झाल्यावर तो आपणहून बापाला भेटायला गेला. बापाने ओळख मानली आणि युद्धात मदत मागितली. आठव्या दिवशी इरावान रणात पडला. बापाने आपलं म्हणावं, याची त्या पोराने केवढी किंमत दिली!

गुरुजी, बाई, हे दूरचं नाही. माजरी खाणीचं आणि रेल्वे जंक्शनचं गाव. अशा गावात घरी तेलुगू किंवा हिंदी आणि शाळेत मराठी बोलणारी मुलं असतात. कुणाचे आईबाप वेगळ्या जातींचे असतात. “तू नक्की कुणाचा?” हा प्रश्न त्यांना सहज विचारला जातो, आणि तो लागतो.

तेव्हा माझी एक विनंती आहे. एका तासाला जलपरी आणि इरावान या दोन्ही गोष्टी वर्गात सांगा. मग मुलांना दोनच प्रश्न विचारा. कुणी आपल्याला आपलं म्हणावं, यासाठी काय द्यावं? आणि काय कधीच देऊ नये? उत्तरं मोठ्याने वाचायला लावू नका. वहीत लिहू द्या आणि तुम्ही एकट्याने वाचा. एखादी मुलगी लिहील की बोलणं सोडलं तरच घरात जागा मिळते. ती वही मिटून ठेवू नका. त्या मुलीशी बोला.