धंदेवाईक खेळ आणि खिलाडूवृत्ती



खिलाडूवृत्ती हा शब्द आपण शाळांच्या बक्षीस-समारंभांत इतक्या वेळा ऐकला आहे की त्याची धार पार बोथट झाली आहे. हरलात तरी हसा, जिंकलात तर प्रतिपक्षाशी हस्तांदोलन करा, एवढ्यावर आपण तो विषय मिटवतो. शाळेच्या मैदानावर हे निभावते, कारण तेथील हारजितीने कोणाची चूल विझत नाही. पण ज्याचे पोटच खेळावर आहे त्याने स्वतःचे किती पाहावे आणि संघासाठी किती सोडावे? हा प्रश्न आम्ही आज अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉलवरून मांडणार आहो. त्या खेळात तो अगदी उघडा पडतो. एका बाजूस माणसे पाचच, आणि चेंडू एक.

जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ बसविला, तेव्हा सज्जाला पीचच्या टोपल्या टांगल्या होत्या, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच्या नियमांतला आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच. चेंडू हाती आलेल्याने तो घेऊन पळायचे नाही. जेथे मिळाला तेथूनच फेकायचा. म्हणजे दुसऱ्याला देणे मुळात सक्तीचेच होते. चेंडू आपटीत पुढे जाण्याची मुभा मागाहून आली, आणि तिच्याबरोबर एकट्याने पराक्रम गाजविण्याची सोयही आली.

पुढे धंदा आला, आणि धंद्याबरोबर हिशेबाची वही आली. या वहीत टोपलीत गेलेला चेंडू मांडला जातो. पण सोबत्याला वाट मोकळी व्हावी म्हणून जो प्रतिस्पर्ध्याच्या आड उभा राहून छातीवर धक्का घेतो, त्याची ओळ फार वर्षे कोठेच नव्हती. बोस्टनच्या बिल रसेलने १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे पाहिली. प्रतिपक्षाचा नेम हवेतच अडवावा आणि तो चेंडू प्रेक्षकांत न भिरकावता हलकेच सोबत्याच्या हाती जाईल असा टोलवावा, ही त्याची कला. तो १९६९ साली निवृत्त झाला. अडविलेले नेम अधिकृतपणे मोजू लागले ते १९७३-७४ च्या हंगामापासून!

त्याचा समकालीन विल्ट चेंबरलेन याने २ मार्च १९६२ रोजी हर्शी गावी एका सामन्यात एकट्याने १०० गुण केले. तो आकडा जगभर झाला. पण त्या सामन्याच्या अखेरीस त्याचे सोबती स्वतःचे नेम सोडून चेंडू त्याच्याकडे पोचवीत होते, आणि चेंडू लवकर परत मिळावा म्हणून प्रतिपक्षावर मुद्दाम नियमभंगही करीत होते. एकाच्या विक्रमात चौघांचा त्याग असा मुरलेला असतो. त्या वर्षीचे अजिंक्यपद मात्र रसेलच्या बोस्टननेच नेले. यावरून चेंबरलेनला आपमतलबी ठरविणे अन्यायाचे होईल. १९६७ साली त्याच माणसाने आपले गुण कमी करून फिलाडेल्फियाला अजिंक्यपद मिळवून दिले.

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही हा विषय घेतला त्याकडे वळतो. १३ मे १९९४. शिकागो बुल्स आणि न्यूयॉर्क यांच्या मालिकेतला तिसरा सामना. पहिले दोन शिकागोने गमावलेले. मायकेल जॉर्डन आदल्या ऑक्टोबरात निवृत्त झाल्यामुळे संघाचा भार स्कॉटी पिपेनने वर्षभर वाहिला होता. गुण १०२-१०२, आणि घड्याळात १.८ सेकंद शिल्लक. प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी ठरविले की शेवटचा नेम टोनी कुकोचने मारावा आणि पिपेनने रेषेबाहेरून चेंडू आत टाकावा. कुकोच हा क्रोएशियाचा नवा खेळाडू. त्या हंगामात अखेरच्या क्षणी नेम साधून त्याने सामने जिंकून दिले होते. पण पिपेन बाकावरून उठलाच नाही. त्याच्या जागी पीट मायर्सने चेंडू टाकला, कुकोचचा नेम लागला आणि शिकागोने सामना १०४-१०२ असा जिंकला.

पिपेनची तक्रार खोटी होती काय? मुळीच नाही. १९९१ साली त्याने लांब मुदतीचा करार केला होता आणि पुढे इतरांचे पगार चढत गेले तरी तो त्यातच अडकून राहिला. जो कुकोच अजून संघात आलाही नव्हता, त्याची चालकांनी चालविलेली मनधरणी त्याने पाहिली होती. वर्षभर ओझे मी वाहायचे आणि अखेरचा मान दुसऱ्याला, असे वाटणे अगदी मानवी आहे. पण त्याचा हिशेब चालकांशी होता, आणि वसुली त्याने केली ती सोबत्यांकडून. येथे आम्ही त्याची बाजू घेऊ शकत नाही. आणि चेंडू आत टाकण्याचे काम हलके मानले, हे तर त्याच्यासारख्या जाणत्या खेळाडूला शोभलेच नाही. तो चेंडू नीट आला नसता तर कुकोच काय करणार होता?

सामन्यानंतर जॅक्सन यांनी उपदेश न करता प्रकरण खेळाडूंवर सोपविले. बोलला तो ३६ वर्षांचा बिल कार्टराइट. जॉर्डनवाचून काही करून दाखविण्याची आपली संधी तू स्वार्थापायी घालवीत होतास, असे त्याने पिपेनला सर्वांदेखत, रडत रडत सांगितले. पिपेनने क्षमा मागितली आणि सोबत्यांनी त्याला जवळ केले. पुढच्याच सामन्यात त्याने २५ गुण करून विजय मिळवून दिला. मालिका शेवटी गेली ती गेलीच. तरी आमच्या मते त्या खोलीत अधिक कसोटी लागली ती चुकलेल्यापेक्षा उरलेल्यांची.

ही गोष्ट आम्ही सोज्ज्वळ करून सांगणार नाही. १९९७ साली पगाराच्या रागाने पिपेनने पायाची शस्त्रक्रिया लांबविली आणि हंगामाचा आरंभ बुडविला. २०२० साली एका माहितीपटात तो म्हणाला की १.८ सेकंदांचा तो प्रसंग घडला नसता तर बरे, पण पुन्हा वेळ आली तरी आपण बहुधा तसेच वागू. हे उत्तर आम्हांला आवडले नाही. पण त्यात ढोंग नाही.

त्याने आणि कुकोचने मिळून १९९६, १९९७ आणि १९९८ अशी तीन अजिंक्यपदे जिंकली. तिसऱ्या वेळी पिपेन आपल्याच संघात पगाराने सहावा होता. १४ जून १९९८ रोजी यूटामधल्या अखेरच्या सामन्यात त्याची पाठ इतकी धरली होती की मधूनमधून आत जाऊन उपचार घ्यावे लागत होते. तरी तो पुन्हा पुन्हा मैदानावर येत राहिला. शिकागोने तो सामना एका गुणाने जिंकला. वहीत पिपेनच्या नावापुढे ८ गुण आहेत.