गाडी चार तास टिकली पाहिजे



सकाळी जामसांवलीच्या मारुतीरायाचं दर्शन घेऊन मी या मंडपात आलो. लहानपणी आजीबरोबर यायचो, तेव्हा तिला विचारलं होतं की सगळीकडचा मारुती उभा, मग इथला पहुडलेला का? आजी म्हणाली, एवढं काम केल्यावर घडीभर टेकायला नको का? ते उत्तर माझ्याजवळ राहिलं आहे, आणि आजच्या बोलण्यात त्याची गरज पडणार आहे.

या मेळाव्याचं अध्यक्षपद दिलंत त्याबद्दल मी ऋणी आहे. नागपूरच्या एका महाविद्यालयाच्या कार्यशाळेत तीस वर्षं मी मुलांच्या हातात पाना दिला. त्यातली बरीच वर्षं मुलांनी स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन पिथमपूरला जाण्यात गेली. म्हणून आज मोटार उद्योगाच्या भवितव्यावर मोठं भाष्य करण्याऐवजी हौशी संघांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीविषयी बोलायचं ठरवलं आहे. माझा जीव तिथे गुंतलेला आहे.

आधी ‘हौशी’ या शब्दाविषयी. नाटकात आपण हौशी रंगभूमी म्हणतो, तेव्हा त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. राज्य नाट्यस्पर्धेतल्या हौशी संस्थांनी मराठीला केवढे नट दिले. गाडीच्या बाबतीत मात्र ‘हौशी’ म्हटलं की लोकांना श्रीमंताचं पोर दिसतं. मला दिसतात ते परीक्षा सांभाळून रात्री वेल्डिंग करणारे, मेसच्या पैशातून बेअरिंग आणणारे वीस-पंचवीस जण.

वेगाची आवड आपल्या मातीत आहेच. बैलजोड्यांच्या शंकरपटाला जमणारी गर्दी तुम्ही पाहिली आहे. जोडी सुटते आणि काही सेकंदांत निकाल लागतो. सेकंदाच्या अंशावरून वाद होतात, जिंकलेल्या जोडीचा भाव वाढतो. त्या काही सेकंदांमागे वर्षभराची खुराक आणि मेहनत असते, हे बैल पाळणारा जाणतो. मी ज्या शर्यतीविषयी बोलतो आहे, तिथे ती मेहनत लोकांच्या डोळ्यांदेखत, घड्याळ चालू असताना करावी लागते.

पिथमपूर आपल्याच मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यात आहे. तिथल्या वाहनचाचणी केंद्राच्या आवारात २००७ पासून बाहा ही विद्यार्थ्यांची स्पर्धा भरू लागली. मूळ स्पर्धा अमेरिकेतली, १९७६ मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झालेली. एकाच माणसाची, खाचखळग्यांतून धावणारी गाडी मुलांनी आखायची, बांधायची आणि चालवायची. अनेक वर्षं सगळ्या संघांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एकाच जातीचं, ३०५ सीसीचं, सुमारे १० अश्वशक्तीचं इंजिन असे. इंजिनाला हात लावायची मनाई. म्हणजे पैसेवाल्या महाविद्यालयाला मोठं इंजिन आणून पुढे जाता येत नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांना मी मनोमन नमस्कार करतो.

तपासणी कडक असते. ब्रेक दाबला की चारही चाकं जागच्या जागी बांधली गेली पाहिजेत. हेल्मेट, पट्टे, सगळं अंगावर असताना चालकाला पाच सेकंदांत गाडीबाहेर पडता आलं पाहिजे. इंजिन बंद करायचं बटण दोन ठिकाणी हवं, एक चालकाच्या हाताशी आणि एक बाहेरच्या माणसाला सापडेल असं. हे सगळं पार पडलं की शेवटच्या दिवशी चार तासांची शर्यत. अमेरिकेतल्या मूळ स्पर्धेत एकूण १००० गुणांपैकी ४०० गुण या एका शर्यतीचे असतात. सादरीकरण कितीही देखणं केलंत तरी गाडी चार तास टिकली नाही तर खरं नाही.

एका वर्षीचा प्रसंग सांगतो. आमच्या संघात सौंसरकडची एक मुलगी होती. गाडी चालवणं किंवा इंजिनाचं काम असं मानाचं काही तिच्याकडे नव्हतं. तिच्याकडे नट-बोल्ट होते. तिने प्रत्येक नट आवळून झाल्यावर नट आणि पट्टी यांवरून आडवी जाणारी लाल नेलपॉलिशची रेघ ओढली होती. रेघ तुटलेली दिसली की नट सरकला, हे उजेड कमी असला तरी कळतं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पुढचं डावं चाक धरून ठेवणाऱ्या ए-आर्मवरची रेघ तिला तुटलेली दिसली. जवळ जो मुलगा होता त्याला तिने सांगितलं. त्याने नट पुन्हा आवळला, तिने नवी रेघ ओढली आणि दोघं जेवायला गेले. मी तिथेच उभा होतो. मीही काही म्हणालो नाही.

नट नायलॉक होता. आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे तो आट्यांना धरून राहतो. पण चार-पाच वेळा काढघाल केली की ते कडं गुळगुळीत होतं आणि नट साधा होऊन जातो. हा नट तितक्यांदा निघाला होता, हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा एकाने काढला, दुसऱ्यांदा दुसऱ्याने. लिहून कुणी ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या तिसऱ्या तासात बोल्ट निसटला, चाक आडवं झालं आणि गाडी धुळीत बसली. दोन-चार रुपयांचा नट.

गाडी ओढून पिटमध्ये आणली. मुलांची तोंडं उतरली होती. त्या मुलीने मात्र रडत रडतच डबा उघडला, नवा बोल्ट आणि नवा नट काढला, आणि वाकलेला आर्म आमच्या वेल्डरने टॉमी घालून सरळ केला. चालक तोवर सावलीत बसून पाणी पीत होता. दुसऱ्याला हेल्मेट चढवलं. गाडी पुन्हा सुटली आणि चौकड्यांचा झेंडा पडला तेव्हा चालत होती. क्रमांक खालचा आला. पण त्या रात्री परतीच्या बसमध्ये मुलीने एक शंभरपानी वही काढली आणि पहिल्या ओळीत लिहिलं: नायलॉक नट एकदा काढला की फेकायचा. मराठीत लिहिलं.

पुढच्या पोरांसाठी ती वही राहिली. नंतरच्या वर्षी त्या जागचा बोल्ट हलला नाही. दुसरं काहीतरी तुटलं, आणि तेही त्या वहीत गेलं.

मला आज जे सांगायचं आहे ते या वहीत आहे. हौशी संघ क्वचितच एखाद्या मोठ्या कारणाने हरतो. तो हरतो ते कुणाला तरी आधीपासून दिसत असलेल्या, पण सगळ्यांपर्यंत न पोहोचलेल्या छोट्या दोषामुळे.

जगातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीतलं एक उदाहरण देतो. फ्रान्समधल्या ल माँ या गावी १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होते. १९५२ साली पिएर लेवेग हा फ्रेंच चालक टाल्बो गाडी घेऊन उतरला. जोडीला दुसरा चालक होता. पण लेवेगने स्टिअरिंग सोडलंच नाही. रात्र गेली, सकाळ झाली, तो एकटाच चालवत राहिला आणि मोठ्या आघाडीने पहिला होता. तेविसावा तास सरत असताना इंजिन गेलं आणि मर्सिडीज जिंकली. थकव्याने गिअर चुकीचा पडला, असं अनेकांचं मत. लेवेगचं म्हणणं होतं की इंजिनातलं कंपन त्याला आधीपासून जाणवत होतं, म्हणूनच त्याने गाडी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. त्याचं खरं धरलं तरी मला प्रश्न पडतो की जाणवलेलं ते कंपन त्याने जोडीदाराला शब्दांत सांगितलं असतं तर? त्याच्या जिद्दीपुढे मी वाकतो, पण माझ्या संघात मी असा चालक घेणार नाही. घडीभर टेकणं हा कामाचाच भाग आहे, हे माझ्या आजीला कळलं होतं.

अमेरिकेत २००६ पासून एक वेगळी शर्यत चालते. तिचं नाव ल माँवरून आणि रडक्या गाडीला तिकडे ‘लेमन’, म्हणजे लिंबू, म्हणतात त्यावरून घेतलं आहे. गाडी ५०० डॉलरच्या आत तयार झालेली असावी, ही अट. जुन्या, भंगारात निघालेल्या गाड्या घेऊन शेजारी-पाजारी, भाऊ-भाऊ, कारखान्यातले सहकारी संघ करून उतरतात आणि तासन्‌तास चालवतात. त्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. रोलकेज, ब्रेक, चालकाची खुर्ची, पट्टे, म्हणजे जीव वाचवण्यावर केलेला खर्च त्या ५०० डॉलरमध्ये धरत नाहीत. काटकसर इंजिनात करा, माणसात नको. आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. मोटरसायकलच्या सायलेन्सरवर पैसे जातात आणि हेल्मेट आरशाला लटकत राहतं.

इथे मला तरुणांना तळमळून सांगायचं आहे. नागपूर-सौंसर रस्त्यावर रात्री लावलेली पैज ही शर्यत नाही. शर्यतीला बंद मैदान लागतं, पिवळा आणि लाल झेंडा दाखवणारा माणूस लागतो, पेट्रोल भरताना आग विझवायचं नळकांडं हातात धरून उभा राहणारा सोबती लागतो. यातलं काहीच नाही तिथे वेग दाखवू नका. तुमच्या वयाच्या पोरांच्या तेराव्याला मी जाऊन आलो आहे.

जीव आधी आणि शर्यत नंतर, हे दाखवणारी एक मोठी शर्यत मुंबईलाही येऊन गेली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनहून ९८ गाड्या सिडनीकडे निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, दिल्ली करत त्या मुंबईला पोहोचल्या आणि तिथून चुसान नावाच्या बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. कंपन्यांच्या संघांबरोबर हौशी माणसंही होती, आपली हिंदुस्थान अँबॅसडरही होती. शेवटी ५६ गाड्या सिडनीला पोहोचल्या. शेवटच्या टप्प्यात पुढे असलेल्या बियांकी आणि ओजिए यांच्या सिट्रोएनला समोरून येणाऱ्या गाडीची धडक बसली. मागून पॅडी हॉपकर्क आला. तोही जिंकण्याच्या अंतरात होता. तो थांबला आणि जखमींच्या मदतीला धावला. अँड्र्यू कावन हिलमन हंटर घेऊन पहिला आला, हॉपकर्क दुसरा. ती शर्यत मी मुलांना शिकवताना हॉपकर्कपासून सुरू करत असे.

आता आपल्या भागाचं. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला. आपली पोरं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदीतून शिकतात आणि महाविद्यालयात इंग्रजी पुस्तकापुढे बसतात. गॅरेजमध्ये मात्र तिन्ही भाषा एकाच बोल्टवर असतात. उस्ताद ‘चाबी दे’ म्हणतो, पोरगा पाना देतो, आणि पुस्तकात तिसरंच नाव असतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अडचण एवढीच की उस्तादाला जे कळतं ते त्याच्याबरोबर जातं.

माझ्या समोर जे ट्रकवाले बसले आहेत त्यांचा क्लीनर टायरवर टॉमी मारतो आणि आवाजावरून सांगतो की आतल्या जोडचाकात हवा कमी आहे. ठण् वाजलं तर ठीक, ढप् वाजलं तर थांबा. हे कुठल्या पुस्तकात आहे? संत्री लादलेली गाडी बैतूलचा घाट चढताना इंजिन किती तापू द्यायचं आणि कुठे गाडी बाजूला घ्यायची, हे पांढुर्ण्याच्या चालकाला पाठ आहे. चार तासांच्या शर्यतीला उतरणाऱ्या पोरांना नेमकं हेच शिकायचं असतं. स्पर्धेच्या नियमानुसार गाडी मुलांनीच बांधायची असते, ती तुम्ही उस्ताद आणि मिस्त्री मंडळींनी बांधून देऊ नका. पण तुमच्या दारात त्यांना उभं राहू द्या, कान कसा लावायचा ते दाखवा.

शिक्षकांकडे माझं मागणं आहे की संघ निवडताना नुसते गुण पाहू नका. आयटीआयचा वेल्डर आणि अभियांत्रिकीचा विद्यार्थी वर्षातून काही दिवस तरी एका छपराखाली बसवा. मुलींना सादरीकरणापुरतं पुढे करू नका, त्यांच्या हातात पाना द्या. शेतकरी बंधूंनी पीक निघाल्यावर एखादं मोकळं वावर सरावासाठी दिलं, तर रस्त्यावरची धोक्याची धाव आपोआप कमी होईल.

आणि सगळ्यांकडे एक मागणं. मी येताना एक कोरी वही आणली आहे. पहिल्या पानावर नायलॉक नटाची गोष्ट लिहिली आहे: कुठे होता, किती वेळा काढला, काय झालं, पुढे काय करायचं. वही बाहेर नोंदणीच्या टेबलावर आहे, सोबत पेन बांधलेलं आहे. जेवायला जाण्याआधी प्रत्येकाने आपल्या हातून गेलेला एक बिघाड तीत लिहावा. आपल्या बोलीत लिहा, शुद्धलेखनाची काळजी करू नका. सौंसरची असो की पांढुर्ण्याची, पिथमपूरला जाणाऱ्या पहिल्या गाडीबरोबर ही वही मी स्वतः पाठवीन.