ठाण्यातून गेलेला एक फोन

भाकरी थापत असाल तर थापा, पण कान इकडे असू द्या. आज आम्ही एका फोनबद्दल बोलणार आहोत.

आमच्या बचत गटातल्या एका अक्कांचा मुलगा एमआयडीसीत ठेकेदाराकडे वेल्डिंगच्या कामाला होता. तीन वर्षांत कामाबद्दल कधी तक्रार नाही. मोटारसायकलला कर्ज आम्ही गटानंच दिलेलं. एका संध्याकाळी चार पोरं बंधाऱ्यावर बसली होती, त्यात हाही होता. पोलिसांची गाडी आली. गांजा ओढता का म्हणून झडती घेतली. कुणाकडे काही सापडलं नाही. नाव, नंबर, कामाचं ठिकाण लिहून घेतलं आणि सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर त्याचा पास काढून घेतला. सुपरवायझर म्हणाला, "ठाण्यातून फोन आला होता. तू नशा करतोस म्हणे."

संपलं. ना नोटीस, ना चौकशी.

खरं सांगतो, आधी आम्हीही कुजबुजलो. "पोलिस उगाच कशाला सांगतील?" असं आमच्यातल्याच दोघी म्हणाल्या. अक्का दोन बैठकांना आल्याच नाहीत. हप्ता मात्र शेजारणीच्या हातानं वेळेवर पाठवला. तो हप्ता मोजताना आमची मान खाली गेली. मग आम्ही पाच जणी त्यांना घेऊन तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे गेलो. तिथे बाईला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

वकीलताईंनी समजावलं ते असं. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे. गांजा ओढणं हा गुन्हाच आहे. सिद्ध झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ते कोर्टात सिद्ध व्हावं लागतं. अटक केली किंवा माल पकडला, तर ४८ तासांत वरिष्ठ अधिकाऱ्याला अहवाल द्या, असं हा कायदा पोलिसांना सांगतो. नुसत्या संशयावरून मालकाला फोन करा, असं तो कुठेही सांगत नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलंय की खाजगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. तो गरिबाच्या पोरालाही आहे.

कुणी म्हणेल, नशेतला माणूस मशीनवर उभा राहिला आणि कुणाचा हात गेला तर? प्रश्न बरोबर आहे. रस्त्यावर कुणी नशेत गाडी चालवत असेल, तर पोलिसांनी त्याला तिथेच थांबवावं. पुरावा असेल तर गुन्हा नोंदवावा. कंपनीला शंका असेल तर तिनं डॉक्टरला दाखवावं, पोराचं म्हणणं ऐकावं. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो, तेव्हा अर्ज आपण करतो आणि उत्तर कागदावर मिळतं. कागदात चूक असली तर ती दाखवता येते. फोनवरच्या शब्दाची चूक कुणाला दाखवायची?

परतताना एसटीत अक्का आमच्याजवळ रडल्या. म्हणाल्या, "बायांनो, दिवाळीत त्यानं दोनदा ओढली होती. मी आशाताईला विचारणारच होते. पण या फोननंतर तोंड उघडायची भीतीच बसली."

मैत्रिणींनो, खरं नुकसान इथे आहे. त्याच कायद्यात ६४ अ हे कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि उपचार पुरे केले, तर सेवनाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत जाऊ शकते. म्हणजे कायद्यानं दार उघडं ठेवलंय. पण बातमी मालकापर्यंत जाणार या धाकानं कुठली आई त्या दारात जाईल? पोराची नोकरी गेली, खिसा रिकामा झाला, दिवसभर बंधाऱ्यावर बसला, म्हणजे व्यसन सुटतं का? उलट वाढतं.

मग आम्ही काय केलं? ठाण्याच्या निरीक्षकांना लेखी अर्ज दिला. त्यात तीनच गोष्टी विचारल्या. मुलावर गुन्हा नोंद आहे का? कंपनीला कुणी कळवलं? कोणत्या कलमाखाली? एक प्रत पोलिस अधीक्षकांना पाठवली. पोच घेतल्याशिवाय हललो नाही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, की गुन्हा नोंद नाही. बाकी दोन प्रश्नांना उत्तर नाही. त्यासाठी दुसरा अर्ज गेलाय.

ठेकेदारानं मुलाला परत घेतलेलं नाही. तो तालुक्याला एका ग्रिलच्या दुकानात कमी पगारावर काम करतो. आम्ही कर्जाची मुदत वाढवली. अक्कांनी त्याला समुपदेशनाला नेलं, आणि बैठकीत तसं स्वतः उभं राहून सांगितलं.

तुमच्या गावात असं घडलं तर तारीख, वेळ, कोण काय बोललं ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० आणि व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

आणि एक आपल्यासाठी. फोन पोलिसांनी एकदाच केला. गावभर ती गोष्ट आपल्याच तोंडांनी नेली, पाण्यावर, दळणाला, लग्नाच्या पंगतीत. पोलिसांना प्रश्न विचारायचा असेल, तर आधी आपल्या तोंडाला लगाम हवा. आमच्या गटानं तसा ठराव वहीत लिहिलाय. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.

येतो आम्ही. नमस्कार.